काकू, पोहोच द्या



टपाल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला पावतीचं महत्त्व कुणी सांगायला नको. रजिस्टरच्या खिडकीवर बसून ‘पोहोच जपून ठेवा हं’ असं मी दिवसातून शंभरदा म्हणत आले. आणि त्याच बाईनं घराची दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराला पंच्याहत्तर हजार रुपये रोख दिले, पावती न घेता. वर चहा पाजला, पाडवा होता म्हणून श्रीखंडही वाढलं. त्या पंच्याहत्तर हजारांची आणि त्यांच्या आधी गेलेल्या अडीच लाखांची ही गोष्ट आहे.

नाशिकला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, १९८८ साली बांधलेल्या सोसायटीत. माझे यजमान २०१७ मध्ये गेले. तेव्हापासून सासूबाई आणि मी, दोघीच. २०२२ साली सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. मोरीची जुनी फरशी गुळगुळीत झालेली, संडास भारतीय पद्धतीचा, त्यामुळे त्यांना बसता-उठता येईना. निवृत्तीचे पैसे बँकेत होते. म्हटलं, मोरी-संडास नीट करून घेऊ, त्याबरोबर स्वयंपाकघराचा ओटा, आणि उरलंच तर हॉलची फरशी आणि रंग.

ठेकेदार अनोळखी नव्हता. शेजारच्या इमारतीत त्यानं केलेलं काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते चांगलं होतं. मुलगा तिशीतला, बोलायला गोड. प्रत्येक वाक्याच्या आधी ‘काकू’ आणि शेवटी ‘काळजी करू नका’. त्यानं आपल्या छापील कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. बाथरूम-संडास १ लाख ६० हजार, किचन १ लाख ७५ हजार, हॉलची फरशी व रंग ८५ हजार. एकूण ४ लाख २० हजार. खाली सही. कोणता माल, किती दिवसांत, कोणत्या टप्प्याला किती पैसे, यातलं काहीही त्यावर नव्हतं. मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. पुढे याच तीन ओळी माझ्या कामी आल्या हे खरं, पण त्या तीनच्या तीस असत्या तर निम्मी वर्षं वाचली असती.

७ फेब्रुवारी २०२२ ला तोडफोड सुरू झाली. आधी पन्नास हजारांचा चेक दिला. फेब्रुवारीच्या शेवटी बँकेतून एक लाख, मार्चच्या मध्यात आणखी एक लाख. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं असे. पाइप आणायचेत, ग्रॅनाइटवाला आगाऊ मागतोय, फरशी आत्ता नाही उचलली तर भाव वाढेल. पाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, तो सकाळीच आला. माणसांना सणाचे पैसे द्यायचेत म्हणाला. ३१ मार्चला मी बँकेतून रक्कम काढून ठेवली होती, ती दिली. त्यानंतर माणसं येणं कमी झालं, आणि एप्रिल संपता संपता कुणीच येईना.

या धंद्याची एक रीत मला फार उशिरा कळली. आपण दिलेले पैसे आपल्याच घरात लागतात असं नाही. ते आधी घेतलेल्या कुणाच्या तरी अर्धवट कामात लागतात, आणि आपलं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून व्हायचं असतं. नवं गिऱ्हाईक मिळत राहिलं तोवर चाक फिरतं. एखादा महिना कोरडा गेला की साखळीतल्या शेवटच्या घरात तोडफोड तशीच राहते. त्या एप्रिलात शेवटचं घर आमचं होतं. तो माणूस पहिल्या दिवसापासून फसवायलाच आला होता असं मला आजही वाटत नाही. पण त्यामुळे माझी मोरी काही पुरी झाली नाही.

मोरी दिसायला पुरी झाली होती, हीच खरी अडचण. नव्या टाइल्स चकचकत होत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे अंघोळी सुरू केल्या आणि पाचव्या दिवशी खालच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या छताला परातीएवढा ओला डाग पडला होता. ठेकेदार एकदा आला, फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून गेला. डाग वाढतच राहिला. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं.

तोडफोड चालू असताना दोन महिने सासूबाई रात्री-अपरात्री वॉकर घेऊन समोरच्या घरी जात होत्या. आता संडास वापरता येत होता, पण अंघोळ बंद. गॅलरीत चादर बांधून, स्टुलावर बसवून मी त्यांना अंघोळ घालायची. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. ‘अगं, आम्ही चाळीत असंच करायचो,’ म्हणायच्या. त्यांचं ते न कुरकुरणं मला जास्त लागायचं. पैसे माझे होते, निवडही माझी होती.

मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी कागद पाहून सांगितलं, ‘ताई, काम घेतलंय, थोडं केलंय, हा दिवाणी मामला दिसतो.’ तेव्हा राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. काम बिघडणं किंवा अर्धवट सोडणं एवढ्यानं तो सिद्ध होत नाही. कुणी म्हणालं रेराकडे जा. पण रेरा आहे ती नव्या प्रकल्पातलं घर विकत घेणाऱ्यांसाठी, राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी नव्हे. पुतण्या म्हणाला, त्याचा फोटो सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकू. ते मी करू दिलं नाही. उलट आमच्यावरच अब्रुनुकसानीची नोटीस यायची.

वाट दाखवली ती माझ्या खात्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्यांनी. त्यांनी अनेक वर्षं ग्राहक चळवळीत काम केलं होतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्या पिढीचा हा संस्कार. आवाज न चढवता कागद मागायचा. त्यांनी माझी सगळी कैफियत ऐकून घेतली आणि एक रेघांचा कागद पुढे सरकवला. ‘तीन रकाने आखा. काय ठरलं, किती दिलं, काय बिघडलं.’ मी आखले. मग म्हणाले, ‘आता चौथा. चांगलं काय झालं?’

मी चिडले. म्हटलं, त्यानं माझी वाट लावली आणि मी त्याचं चांगलं लिहू? ते म्हणाले, ‘तुम्ही नाही लिहिलंत तर तो लिहील. आणि मग तुमचा बाकीचा कागदही खोटा वाटेल.’

श्रोतेहो, पुढची अडीच वर्षं मी त्या चौथ्या रकान्याच्या जोरावर लढले.

चौथ्या रकान्यात आकडे भरायला जाणता माणूस हवा होता. एक नोंदणीकृत सिव्हिल इंजिनिअर मिळाले, फी सहा हजार. त्यांच्या सांगण्यावरून पाहणीच्या दहा दिवस आधी मी ठेकेदाराला रजिस्टर पत्र पाठवलं, की अमुक तारखेला, अमुक वाजता पाहणी आहे, आपण हजर राहावं. तो आला नाही. पण बोलावलं होतं, हे कागदावर आलं. सोसायटीचे सचिव आणि खालच्या वहिनी यांच्यासमोर जूनमध्ये पाहणी झाली. प्रत्येक फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलं होतं. इंजिनिअरांनी मोरीत एक तांब्या पाणी ओतलं. ते नहाणी ट्रॅपकडे जाण्याऐवजी दाराकडे निघालं. फरशीचा ढाळच उलटा होता. कोपऱ्यातल्या दोन टाइल्स काढल्या तेव्हा खालचा वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर चढवलेलाच नाही, हेही दिसलं. असा थर जमिनीवरून भिंतीवर वीतभर तरी वर न्यावा लागतो. मग फरशी बसवण्याआधी किमान चोवीस तास पाणी तुंबवून खाली झिरपतं का ते पाहायचं. हे पाणी तुंबवून पाहणं आमच्याकडे झालंच नव्हतं. फरशी बसवणारा मिस्त्री मला नंतर बाजारात भेटला, त्यानं कबूल केलं. त्याचीही अकरा दिवसांची मजुरी बुडाली होती. त्यानं शपथपत्र करून दिलं. रोजंदारीवरच्या माणसानं ठेकेदाराविरुद्ध सही करायची म्हणजे काय, याची मला कल्पना आहे.

इंजिनिअरांचा हिशेब असा आला. तोडफोड आणि मलबा उचलणं २८ हजार, भिंतीतले पाइप ३४ हजार, स्वयंपाकघराचा ओटा ६० हजार. ही १ लाख २२ हजारांची कामं नीट झालेली होती. ओटा खरोखर उत्तम होता, आजही आहे. मी दिलेले ३ लाख २५ हजार. त्यातून हे वजा जाता उरले २ लाख ३ हजार. खराब मोरी पुन्हा उखडायचा खर्च ३१ हजार. वहिनींच्या छताची दुरुस्ती साडेनऊ हजार. ती मी आधीच स्वखर्चानं करून दिली होती. या वेळी मात्र पावती घेऊन.

पुतण्याचा एक मित्र म्हणाला, ‘काकू, दहा लाख मागा, पाच मिळतील.’ भाजी घेताना हे ठीक आहे. मी मागितले २ लाख ४३ हजार ५००, त्यावर व्याज, त्रासाबद्दल पंचवीस हजार आणि खर्च.

आधी नोटीस. त्यात हाच हिशेब लिहिला आणि उत्तराला पंधरा दिवस दिले. पहिलं पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा होता ‘घेण्यास नकार’. हा शेरा मी हजारो पाकिटांवर पाहिला होता. पत्ता बरोबर असेल आणि घेणाऱ्यानं नाकारलं असेल, तर कायदा ते पोचलंच असं धरतो. त्यामुळे ते पाकीट न फोडता, तसंच बंद, पुराव्याला जोडायचं. लोक नेमकं ते उघडून बघतात. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. पण पोहोच जपण्याचं काम काही विलीन झालेलं नाही.

मग २१ नोव्हेंबर २०२२ ला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. १९८६ च्या कायद्यात ज्याला आपण ग्राहक मंच म्हणत होतो, तोच २०१९ च्या कायद्यानंतर आयोग झाला. हा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानं माझी एक मोठी अडचण सोडवली होती. एव्हाना ठेकेदारानं बिऱ्हाड दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं होतं. पण तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही आता तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीही नाही. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. जिल्हा आयोगाची मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाखांची आहे, म्हणजे घरदुरुस्तीची बहुतेक सगळी प्रकरणं तिथेच बसतात. मी कागद हातानं नेऊन दिले. २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते, आणि सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तक्रार दाखल झाल्यावर तारखेची वाट बघत मोरी तशीच ठेवायची का, हा प्रश्न मला रोज पडायचा. सहकारी म्हणाले, ‘पाहणी झाली, फोटो झाले, त्याला बोलावून झालं. आता घर दुरुस्त करा, फक्त बिलं ठेवा.’ फेब्रुवारी २०२३ मध्ये बहिणीकडून उसने पैसे घेऊन मोरी पुन्हा उखडली. काम कुणाला दिलं? त्याच फरशीवाल्या मिस्त्रीला. या वेळी अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून ठेवलं. वहिनी खालून दर तीन-चार तासांनी जिन्यातून ओरडून सांगायच्या, ‘कोरडं आहे हो!’ सासूबाईंनी मोरीत पाऊल ठेवलं तेव्हा भिंतीला लावलेली आधाराची दांडी दोन-तीनदा ओढून पाहिली, मग म्हणाल्या, ‘ही टिकेल.’

ठेकेदाराला आयोगाची नोटीस मिळाली. लेखी म्हणणं मांडायला कायदा तीस दिवस देतो, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे. त्यानं त्रेचाळिसाव्या दिवशी म्हणणं दिलं. मी सारखे बदल सांगितले, मालाचे भाव वाढले, नव्वद टक्के काम पुरं आहे, आणि पंच्याहत्तर हजार रोख मिळालेलेच नाहीत.

त्या पंच्याहत्तर हजारांनी माझी झोप उडवली होती. पावती नाही, साक्षीदार नाही. सासूबाई तेव्हा देवळात गेलेल्या. मग एका रात्री मोबाइलवरचे जुने निरोप चाळताना पाडव्याच्या संध्याकाळचा त्याचा निरोप सापडला, ‘काकू ७५ मिळाले. सोमवारी माल टाकतो.’ त्याची छापील प्रत काढली, सोबत असा पुरावा देताना लागतं ते प्रमाणपत्र जोडलं. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं. ३१ मार्चला पैसे काढल्याची पासबुकातली नोंदही जोडली. सुनावणीत त्याचे वकील म्हणाले, ‘७५ म्हणजे कशाचे, हे यात लिहिलेलं नाही.’ आयोगाच्या सदस्यांनी शांतपणे विचारलं, ‘पंच्याहत्तर रुपयांत सोमवारी कोणता माल येणार होता?’

आणि मग तो प्रश्न आला, ज्याची मला सुरुवातीपासून धास्ती होती. वकिलांनी विचारलं, ‘बाई, आमच्या अशिलानं केलेल्या ओट्यावर तुम्ही आज सकाळी चहा केलात की नाही?’ म्हटलं, ‘केला. ओटा चांगला आहे. त्याचे साठ हजार मी वजा केलेत, पान सहा बघा.’ अध्यक्षांनी पान सहा उघडलं. पाइपांचे पैसे, मलब्याचे पैसे, सगळं त्या पानावर त्याच्या बाजूनं मांडलेलं होतं. वकिलांनी पुढचे दोन प्रश्न विचारले नाहीत.

मार्च २०२४ मध्ये आदेश झाला. २ लाख ३ हजार, त्यावर तक्रारीच्या तारखेपासून आठ टक्के व्याज. मोरी उखडण्याचे ३१ हजार, छताचे साडेनऊ हजार. त्रासाबद्दल मागितले पंचवीस, मिळाले दहा. खर्चाचे पाच. इंजिनिअरची फी त्या खर्चातच धरली, म्हणजे तिथे मला हजाराची खोट आली. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे होते. मी घरी येऊन शिरा केला.

शिरा जरा लवकर झाला. पंचेचाळीस दिवस गेले, साठ गेले. त्यानं राज्य आयोगात अपीलही केलं नाही. अपिलाला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तो नुसता गप्प बसला. आदेश हातात म्हणजे पैसे हातात, असं मी समजून चालले होते. बरेच लोक इथेच दमतात आणि आदेश कपाटात ठेवून देतात. पण या कायद्यात पुढची दोन कलमं आहेत. ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे मालमत्ता जप्त करून वसुली करता येते. आणि ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी जुलैमध्ये दरखास्त दिली. समन्सला तो आला नाही. मग जामीनपात्र वॉरंट निघालं, आणि सप्टेंबरात तो हजर झाला.

अडीच वर्षांनी समोरासमोर आलो. वाळला होता. व्हरांड्यात तो म्हणाला, ‘काकू, एवढं ताणायची काय गरज होती?’ माझ्याकडे उत्तर बरंच होतं. पण मी एवढंच विचारलं, ‘फरशीवाल्याची अकरा दिवसांची मजुरी दिलीस का?’ तो खाली बघत राहिला. मिस्त्रीचे पैसे माझ्या दाव्यात येत नव्हते. त्याला ते आजही मिळालेले नाहीत, आणि ही बोच माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवशी त्यानं एक लाख भरले. बाकीचे साठ-साठ हजारांचे तीन हप्ते ठरले. व्याजाची शेवटची थोडी रक्कम मी सोडून दिली. हप्ते खात्यावर आले, दोन वेळेवर आणि तिसरा अठरा दिवस उशिरा. एकूण २ लाख ८० हजार. पहिल्या लाखातून बहिणीचे पैसे फेडले.

शेवटचा हप्ता जानेवारी २०२५ मध्ये आला. खात्यात जमा झाल्याचा निरोप वाचतेय तोवर मोबाइल पुन्हा वाजला. त्याचाच निरोप होता, ‘काकू, पैसे टाकलेत. पोहोच द्या.’

मी एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून पावती केली, तारीख घातली, तिकिटावर सही केली. त्याची एक प्रत काढून माझ्या फायलीला लावली आणि मूळ पावती टपालानं पाठवून दिली.